कोविडची औषधं: कोणतं, कोणाला आणि कितव्या दिवशी

१० मे २०२१ रोजी गोव्याचे आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी जाहीर केलं, की राज्यातल्या अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाला आयव्हरमेक्टिनची १२ मिलिग्रॅमची गोळी पाच दिवस द्यायची, मग त्याला कोविड झालेला असो वा नसो. त्या दिवसांत राज्यात जवळपास दर दोन टेस्टमागे एक पॉझिटिव्ह येत होती. लगेचच जागतिक आरोग्य संघटनेच्या मुख्य शास्त्रज्ञ सौम्या स्वामिनाथन यांनी आठवण करून दिली, की संशोधनाच्या चाचण्या सोडल्या तर कोविडसाठी हे औषध वापरू नये अशी संघटनेची शिफारस आहे. घरात माणूस तापाने फणफणलेलं आणि मोठ्या पदांवरची माणसं दोन उलट गोष्टी सांगताहेत, अशा कात्रीत तेव्हा कितीतरी घरं सापडली.

मी डिचोली तालुक्यात एका फार्मसीत काम करते. ताप-खोकल्याची साथ आली की अजूनही कुणीतरी काउंटरवर विचारतंच, "कोविडच्या किटमधली ती गोळी उरलीय, घेऊ काय?" प्रश्न अगदी प्रामाणिक असतो, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं. नुसतं "नको" म्हणून भागत नाही. का नको, आणि मग काय घ्यायचं, हे समजायला आधी या आजाराचं वेळापत्रक समजून घ्यावं लागतं.

विषाणू शरीरात शिरला की तो आपल्या पेशींत घुसून स्वतःच्या प्रती काढू लागतो, आणि लक्षणं दिसल्यापासून पहिले पाच-सात दिवस हे जोरात चालतं. ताप, घशात खवखव, अंगदुखी, वास जाणं हे सगळं याच काळातलं. बहुतेकांची प्रतिकारशक्ती इथेच त्याला आवरते आणि माणूस बरा होतो. काही जणांत मात्र सातव्या-आठव्या दिवसाच्या सुमारास दुसराच प्रकार सुरू होतो. विषाणूचा जोर ओसरू लागलेला असतो, पण खवळलेली प्रतिकारशक्ती थांबायला तयार नसते. फुप्फुसांना सूज येते, रक्तात गुठळ्या होऊ लागतात, ऑक्सिजन उतरतो. "सहा दिवस बरे होते हो, आठव्या दिवशी अचानक धाप लागली," हे वाक्य २०२१ मध्ये घराघरांतून ऐकू आलं, त्यामागचं कारण हे.

म्हणजे पहिल्या आठवड्यात शत्रू विषाणू असतो आणि दुसऱ्या आठवड्यात त्रास आपल्याच शरीराच्या प्रतिक्रियेचा असतो. औषधंही त्यामुळे दोन जातींची. विषाणूची वाढ रोखणारी औषधं सुरुवातीला द्यायची, सूज आणि प्रतिकारशक्तीचा भडका शमवणारी नंतर. यांची अदलाबदल झाली तर पहिल्या जातीची वाया जातात आणि दुसऱ्या जातीची चक्क घात करू शकतात. कोविडच्या औषधांबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवा.

आता आयव्हरमेक्टिनकडे वळू. औषध म्हणून ते थोर आहे. जपानमधल्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून ते निघालं. ज्या शोधातून ते आलं, त्यासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ मध्ये नोबेल मिळालं. पोटातले काही जंत, खरूज, हत्तीरोग यांवर ते उत्तम चालतं. २०२० च्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांना दिसलं, की प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये ते कोरोना विषाणूलाही रोखतं. बातमी जगभर गेली. त्या बातमीत एक गोष्ट राहून गेली: काचेच्या भांड्यात औषधाचं जे प्रमाण वापरलं होतं, ते नेहमीच्या डोसने माणसाच्या रक्तात येणाऱ्या प्रमाणाच्या कितीतरी पट जास्त होतं. काचेच्या भांड्यात विषाणू मारणारे पदार्थ खूप सापडतात. तेवढ्याने औषध होत नाही.

पण मग "मी घेतली आणि मला गुण आला" म्हणणाऱ्यांचं काय? ते खोटं बोलत नाहीत. समजा, आपल्या तालुक्यात सौम्य कोविड झालेल्या हजार जणांना आपण रोज सकाळी एक साखरेची गोळी दिली. त्यातले बहुतांश आठवड्याभरात खडखडीत बरे होतील, कारण ते तसेही बरे होणारच होते. प्रत्येकाला वाटेल की गोळीने केलं. गोळीने खरंच काही केलं का, हे कळायला तितकेच दुसरे रुग्ण हवेत, ज्यांना ती गोळी मिळालेली नाही. कोणाला कोणती मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं पाहिजे, आणि शक्यतो डॉक्टरलाही ते कळता कामा नये. नाहीतर तरणीताठी माणसं एका गटात आणि मधुमेही आजी-आजोबा दुसऱ्या गटात जातात, आणि फरक वयाचा असताना श्रेय औषधाला मिळतं. यालाच ट्रायल म्हणतात.

ब्राझीलमध्ये 'टुगेदर' नावाच्या ट्रायलने १,३५८ रुग्णांवर आयव्हरमेक्टिन असंच तपासलं. निकाल मार्च २०२२ मध्ये आला. इस्पितळात भरती व्हावं लागलेले किंवा तातडीच्या विभागात बराच वेळ थांबावं लागलेले रुग्ण गोळी घेणाऱ्यांत शंभरात साधारण १५ होते, न घेणाऱ्यांत १६. म्हणजे फरक नाहीच. आधी ज्या अभ्यासांवर एवढी आशा बांधली गेली, त्यातला इजिप्तमधला एक मोठा अभ्यास त्यातल्या आकडेवारीवर शंका आल्यामुळे जुलै २०२१ मध्ये मागे घेतला गेला होता. आपल्याकडे आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि एम्स यांच्या एप्रिल २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत हे औषध सौम्य रुग्णांसाठी "देता येईल" अशा गटात होतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते काढलं. मलेरियाची हायड्रॉक्सीक्लोरोक्विनही त्याच वेळी गेली. ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' ट्रायलने जून २०२० मध्येच दाखवलं होतं, की इस्पितळातल्या कोविड रुग्णांना तिचा फायदा होत नाही.

इथे गोव्यापुरतं एक सांगावंसं वाटतं. वेर्णा, तुये, पिळर्ण इथल्या औषध कारखान्यांत आपल्यातली कितीतरी माणसं काम करतात. प्रत्येक बॅच तपासली जाते, लेबलवर लिहिलेलं औषध गोळीत तेवढंच आहे ना, ते नीट विरघळतं ना, हे काटेकोर पाहिलं जातं. म्हणून आपल्याला गोळीवर विश्वास असतो आणि तो योग्यच आहे. पण ती तपासणी गोळीची असते. अमुक आजारात ती गोळी माणसाला वाचवते का, हे कारखान्याच्या प्रयोगशाळेत कळत नाही. ते रुग्णांच्या ट्रायलमध्येच कळतं. उत्तम बनवलेली गोळीही चुकीच्या आजारावर निरुपयोगी असते.

खऱ्या विषाणूरोधक औषधांचं काम कसं चालतं ते पाहू. या विषाणूचा सगळा मजकूर आरएनए नावाच्या एका लांब धाग्यावर, सुमारे ३०,००० अक्षरांत लिहिलेला असतो. प्रती काढताना तो अक्षरामागून अक्षर जोडत जातो. रेमडेसिविर हे त्या अक्षरांपैकी एकासारखं दिसणारं तोतया अक्षर आहे. ते धाग्यात ओवलं गेलं की पुढची जोडणी अडते. मोल्नुपिराविरही तोतया अक्षरच, पण ते जोडणी थांबवत नाही. प्रतींमध्ये इतक्या चुका पेरतं की पुढचे विषाणू निकामी निघतात. निर्माट्रेलविरची जागा वेगळी आहे. विषाणू आपली प्रथिनं आधी एका सलग साखळीत बनवतो आणि मग आपल्याच कात्रीने तिचे उपयोगी तुकडे पाडतो. निर्माट्रेलविर ती कात्री बोथट करतं.

तिघांचं काम प्रती काढण्याच्या टप्प्यावरचं आहे, म्हणजे पहिल्या आठवड्यातलं. आणि इथेच रेमडेसिविरची सगळी दुःखद गोष्ट आहे.

एप्रिल-मे २०२१ मध्ये त्या इंजेक्शनसाठी माणसांनी काय केलं नाही? रात्री-अपरात्री म्हापसा, फोंडा, मडगाव पालथं घातलं, बेळगाव-कोल्हापूरच्या ओळखी काढल्या, दागिने गहाण टाकले, काळ्या बाजारात वाटेल ती किंमत मोजली. केंद्राला ११ एप्रिलला त्याची निर्यात थांबवावी लागली. आणि बहुतेक वेळा ही धावाधाव सुरू व्हायची ती माणूस अत्यवस्थ झाल्यावर, आठव्या-दहाव्या दिवशी. जागतिक आरोग्य संघटनेच्या 'सॉलिडॅरिटी' ट्रायलचे अंतिम आकडे २०२२ मध्ये आले. व्हेंटिलेटरवर गेलेल्या रुग्णांत रेमडेसिविर मिळालेल्यांपैकी शंभरात ४२ दगावले, न मिळालेल्यांपैकी ३९. म्हणजे फायदा काहीच नाही. ऑक्सिजनवर असलेल्या पण व्हेंटिलेटर न लागलेल्यांत हेच आकडे सुमारे १५ आणि १६. थोडा फायदा, पण थोडाच. उलट, धोका जास्त असलेल्या पण इस्पितळात न गेलेल्या रुग्णांना लक्षणं दिसल्यापासून सात दिवसांच्या आत तीन दिवस हेच इंजेक्शन दिलं, तेव्हा भरती होण्याचं प्रमाण ८७ टक्क्यांनी घटलं. औषध तेच, फक्त दिवस वेगळा.

ज्यांना तेव्हा इंजेक्शन मिळालं नाही आणि ज्यांचं माणूस गेलं, अशा कितीतरी जणांच्या मनात आजही सल आहे: "आणखी एक फोन केला असता तर..." त्यांना मला कळकळीने सांगायचं आहे. व्हेंटिलेटरवरच्या माणसाचं जगणं त्या कुपीवर अवलंबून नव्हतं. ती मिळवता आली नाही हा तुमचा दोष नव्हता.

त्या दिवसांत ज्या औषधावर खरोखर जीव टांगलेला होता, ते ऑक्सिजन होतं. ऑक्सिजन हेही औषधच, जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. मे २०२१ च्या मध्यावर बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) रात्री दोन ते पहाटे सहा या वेळेत होणाऱ्या मृत्यूंमुळे ऑक्सिजनच्या पुरवठ्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेला. कोविडच्या उपचारांची चर्चा आपण गोळ्या-इंजेक्शनांची करतो. ट्रॉली, सिलिंडर, टाकी आणि नळीतला दाब यांची करत नाही. ती करायला हवी.

ऑक्सिजनच्या जोडीला ज्या औषधाने जगात सर्वांत जास्त जीव वाचवले, ते स्वस्त आणि जुनं आहे: डेक्सामेथासोन. दमा, सांधेदुखी, ॲलर्जी यांसाठी दशकानुदशकं वापरातलं स्टेरॉइड. १६ जून २०२० रोजी ऑक्सफर्डच्या पीटर हॉर्बी आणि मार्टिन लँड्रे यांच्या 'रिकव्हरी' ट्रायलने त्याचे निकाल सांगितले. रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यू शंभरात ४१ वरून २९ वर आले. साध्या ऑक्सिजनवरच्या रुग्णांत २६ वरून २३ वर. कितीतरी महागड्या औषधांना जे जमलं नाही, ते या काही रुपयांच्या औषधाने केलं.

पण त्याच ट्रायलचा तिसरा आकडा आपल्याकडे फारसा पोचलाच नाही. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता, त्यांच्यात स्टेरॉइड न घेणाऱ्यांपैकी शंभरात १४ दगावले आणि घेणाऱ्यांपैकी जवळपास १८. हा फरक योगायोगानेही पडू शकेल इतपतच होता. पण फायदा मुळीच दिसला नाही आणि इजेची शंका राहिली, एवढं स्पष्ट आहे. कारण आपल्या वेळापत्रकातच आहे. पहिल्या आठवड्यात प्रतिकारशक्ती विषाणूशी लढत असते. तेव्हाच तिला दाबलं तर विषाणूला मोकळं रान मिळतं. पुढे त्याच ट्रायलने जास्त डोसही तपासला. ऑक्सिजन न लागणाऱ्या किंवा साध्या ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णांत जास्त डोसने मृत्यू शंभरात १२ वरून १९ वर गेले.

आणि आपण काय केलं? तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, घरी बसून, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या चिठ्ठीवरून स्टेरॉइड सुरू केलं. ताप उतरतो, भूक लागते, माणसाला बरं वाटतं. म्हणूनच तर ते फसवं आहे. गोव्यात याचा धोका आणखी मोठा, कारण स्टेरॉइड रक्तातली साखर वाढवतं. आयसीएमआरच्या इंडियाब या देशव्यापी पाहणीत, जी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, मधुमेहाचं प्रमाण सर्वांत जास्त गोव्यात आढळलं: २६.४ टक्के. दर चार प्रौढांमागे एकाहून जास्त. कितीतरी जणांना आपल्याला मधुमेह आहे हे ठाऊकही नसतं. वाढलेली साखर आणि स्टेरॉइडने दबलेली प्रतिकारशक्ती एकत्र आली, की म्युकरमायकोसिसला, ज्याला सगळे काळी बुरशी म्हणायचे, वाट मोकळी होते. २०२१ च्या त्या मे महिन्यात देशभर तिचे रुग्ण वाढले आणि तिच्यावरच्या ॲम्फोटेरिसिन-बी इंजेक्शनचाही तुटवडा पडला. म्हणून कोणी काउंटरवर चिठ्ठीशिवाय डेक्सा मागितलं तर मी देत नाही. ओळखीचं माणूस रागावलं तरी देत नाही.

दुसऱ्या आठवड्याच्या इतर औषधांबद्दल थोडक्यात. टोसिलिझुमॅब आणि बॅरिसिटिनिब ही दोन्ही मुळात संधिवाताची. प्रतिकारशक्तीतले भडका उडवणारे ठराविक संदेश ती अडवतात. गंभीर रुग्णांत, स्टेरॉइडच्या जोडीने आणि इस्पितळातच द्यायची. गुठळ्या होऊ नयेत म्हणून हेपारिनची इंजेक्शनं देतात. त्यातही डोस किती, हे रुग्ण किती गंभीर आहे त्यावर ठरतं, कारण जास्त दिलं तर रक्तस्राव होऊ शकतो. हे घरचं काम नव्हे.

जी औषधं चालली नाहीत त्यांचीही नोंद हवी. बरे झालेल्यांचा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ द्रव, मिळवायला माणसांनी फेसबुकवर हाका घातल्या. रक्तदात्यांनी मोठ्या मनाने दिलाही. त्यांच्या त्या देण्याला तोड नाही. पण आयसीएमआरच्या 'प्लॅसिड' ट्रायलमध्ये, भारतातल्या ३९ इस्पितळांत ४६४ रुग्णांवर, त्याने मृत्यू टळले नाहीत की आजाराचं गंभीर होणं थांबलं नाही. १७ मे २०२१ ला तो सूचनांतून वगळला गेला. ॲझिथ्रोमायसिन आणि डॉक्सिसायक्लिन ही जिवाणूंवरची औषधं आहेत, विषाणूवर त्यांचा उपयोग नाही, आणि ट्रायलमध्ये तेच दिसलं. फॅव्हिपिराविर ही जपानमधली फ्लूची गोळी जून २०२० मध्ये आपल्याकडे १०३ रुपयांना एक अशी विकायला आली. पहिल्या दिवशी १८ गोळ्या घ्यायच्या! पुढे काळजीपूर्वक केलेल्या ट्रायल्समध्ये तिचा ठोस फायदा दिसला नाही. प्रयोगशाळेत बनवलेली मोनोक्लोनल प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला नेमकं पकडणारी प्रथिनं, सुरुवातीला चांगली चालली, पण विषाणूने ओमायक्रॉनचं रूप घेतल्यावर त्यांतली बहुतेक निकामी झाली.

आता गोळ्यांकडे येते. मोल्नुपिराविरला भारतात डिसेंबर २०२१ च्या अखेरीस मंजुरी मिळाली. आयसीएमआरने मात्र ती राष्ट्रीय सूचनांत घातली नाही, कारण गर्भाला इजा होण्याची भीती होती. ब्रिटनमध्ये २५,००० हून जास्त, बहुतेक लस घेतलेल्या रुग्णांवर ती तपासली, तेव्हा बरं वाटायला कमी दिवस लागले, पण भरती होणं टळलं नाही.

निर्माट्रेलविर आणि रिटोनाविर यांची जोडगोळी, परदेशात पॅक्सलोविड नावाने प्रसिद्ध, ही यातली सर्वांत बलवान. लस न घेतलेल्या आणि धोका जास्त असलेल्या रुग्णांना पाच दिवसांच्या आत दिली, तेव्हा भरती किंवा मृत्यू हजारात ६३ वरून ८ वर आले. लस घेतलेल्या किंवा कमी धोक्याच्या रुग्णांत मात्र नंतरच्या ट्रायलमध्ये लक्षणं लवकर गेली नाहीत. म्हणजे धडधाकट तिशीतल्या माणसाने ती शोधत फिरण्याचं कारण नाही. ती आहे वयस्कांसाठी, किडनी प्रत्यारोपण किंवा कॅन्सरच्या उपचारांमुळे प्रतिकारशक्ती दुबळी झालेल्यांसाठी.

आणि नेमक्या याच माणसांनी एक गोष्ट पाळायला हवी. जोडीतलं रिटोनाविर हे एचआयव्हीचं जुनं औषध, पण इथे ते विषाणूसाठी नसतं. औषधं मोडून टाकणारं यकृतातलं एक एन्झाइम ते मंदावतं, म्हणजे निर्माट्रेलविर रक्तात टिकून राहतं. ते मंदावलं की तुमच्या रोजच्या गोळ्याही रक्तात साचू लागतात: कोलेस्टेरॉलची सिमव्हास्टॅटिन, हृदयाचे ठोके सांभाळणारी अमिओडॅरोन, रक्त पातळ करणारी रिव्हरोक्साबॅन, प्रत्यारोपणानंतरची टॅक्रोलिमस. उलट क्लोपिडोग्रेलचा परिणाम घटतो. म्हणून डॉक्टरकडे जाताना रोजच्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स पिशवीत घालून न्या. नावं तोंडपाठ नसतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आज ताप आला आणि कोविड निघाला, तर बहुतेकांना पॅरासिटामॉल, पाणी आणि विश्रांती पुरते. वय साठीच्या वर असेल, मधुमेह, हृदय, किडनी यांचं दुखणं असेल, तर "चार दिवस बघूया" म्हणू नका. ज्या गोळ्यांचा उपयोग होऊ शकतो त्यांची वेळ त्याच चार दिवसांत निघून जाते. पहिल्या-दुसऱ्या दिवशीच डॉक्टरला दाखवा. पाचव्या दिवसानंतर बोटाचा ऑक्सिमीटर जास्त लक्ष देऊन पाहा. आकडा ९४ च्या खाली टिकून राहिला किंवा चार पावलांत धाप लागली, तर तडक जवळचं इस्पितळ गाठा.

लाँग कोविडबद्दलही विचारणा होते: महिनोन्‌महिने थकवा, जिना चढताना दम, डोकं जड. निर्माट्रेलविर पंधरा दिवस देऊन त्यावर उपाय होतो का, हे अमेरिकेत तपासलं गेलं. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात त्याने लक्षणं कमी झाली नाहीत. मधुमेहाची मेटफॉर्मिन आजाराच्या पहिल्या काही दिवसांत दिली, तर पुढे लाँग कोविड होण्याचं प्रमाण सुमारे ४१ टक्क्यांनी कमी झालं, असं एका ट्रायलमध्ये दिसलं. पण ते आजार सुरू होतानाचं. थकवा वर्षभर रेंगाळलाय म्हणून आता मेटफॉर्मिन सुरू करावी, असा त्याचा अर्थ होत नाही. अशा थकव्यात थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर आणि हृदय आधी तपासून घ्या. कितीदा कारण तिथेच सापडतं, आणि त्यावर उपचार आहेत.